घरचा नंबर खिशात

३१ जानेवारी २०२० ला बीएसएनएलमधून आम्ही एकदम बाहेर पडलो. स्वेच्छानिवृत्ती, म्हणजे व्हीआरएस, घेणारे देशभरात ७८ हजारांहून जास्त होते, त्यातला मी एक. दुसऱ्या दिवसापासून गल्लीनं माझी नवी नेमणूक करून टाकली. कुणाचा फोन मुका झाला, वाय-फाय गेलं, मोबाइलला रेंज येईना, की "काकांना विचारा". पगार नाही, चहा मिळतो.

हल्ली सगळ्यात जास्त विचारणा एकाच गोष्टीची असते. इंटरनेटवरची लँडलाइन मोबाइलवरही वाजते म्हणे, ते कसं काय? आणि ते घेण्यासारखं आहे का? प्रत्येकाला ओट्यावर बसवून सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकलेलं बरं. आमच्या घरी हे गेली काही वर्षं चालू आहे. कंपनीचं नाव मात्र लिहीत नाही. उद्या तुम्ही तीच घ्याल, तुमच्याकडे काही बिघडलं की शिव्या मला.

पहिला प्रश्न असतो, "लँडलाइन पाहिजेच कशाला?" तरुण पोरं हे विचारतात तेव्हा मी हिच्याकडे बोट दाखवतो. माझा मोबाइल माझा, हिचा मोबाइल हिचा, पण घराला नंबर पाहिजे असं तिचं ठाम मत आहे. गॅसवाला, पतपेढी, गावाकडचे दीर, मंगळागौरीच्या मैत्रिणी हे सगळे "घरी" फोन करतात. कोण उचलेल ते त्यांना ठाऊक नसतं आणि चालतंही. मला स्वतःला तिचं पटतं. आमच्या नोकरीच्या सुरुवातीला एका फोनवर अख्खी गल्ली चालायची. लोक अर्जावर, लग्नपत्रिकेवर शेजाऱ्याचा नंबर देऊन पुढे कंसात "पी. पी." लिहायचे. मग त्या घरातल्या माणसानं निरोप घेऊन पळायचं. फोन माणसाचा नसायचा, जागेचा असायचा. मोबाइलनं तो माणसाचा केला. इंटरनेटवरच्या या लँडलाइननं काय केलं, तर जागेचा फोन माणसाच्या खिशात घातला. दोन्हींचे फायदे आले, आणि दोन्हींच्या कटकटीही.

आमच्या गल्लीतली तांब्याची केबल रस्ता आणि गटाराच्या खोदकामांत तुकड्या-तुकड्यानं संपली. मग फायबर जे आधी दारात आलं ते घेतलं. एक्स्चेंजमध्ये आयुष्य काढलेल्या माणसानं दुसऱ्याची लाइन घेतली म्हणून जुने सहकारी अजून टोमणे मारतात. मारू देत. खरा वांधा निराळाच होता. आपल्याकडे मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, लँडलाइनचा नंबर तसा नेता येत नाही. सांगलीचा एसटीडी कोड ०२३३ राहिला, पुढचे आकडे बदलले. हिनं जुन्या डायरीतून एकेकाला फोन करून नवा नंबर कळवला आणि त्या निमित्तानं प्रत्येकाशी अर्धा तास बोलली. तुम्ही कंपनी बदलणार असाल तर आधी घरच्या बाईमाणसाला हे सांगा. तांब्यावरून फायबरवर त्याच कंपनीत जाणार असाल तर नंबर तोच राहील का, ते अर्ज भरण्यापूर्वीच विचारून घ्या.

आता आतलं सांगतो, कारण ते कळलं की निम्मे फॉल्ट तुमचे तुम्हालाच काढता येतील.

पूर्वी तुमच्या घरातून निघालेली तारांची जोडी डीपीवर, म्हणजे गल्लीतल्या जोडणीच्या छोट्या डबीवर, तिथून पिलरला, म्हणजे रस्त्याकडेच्या कपाटाला, पिलरवरून जमिनीखालून थेट आमच्या एमडीएफवर, म्हणजे एक्स्चेंजमधल्या सगळ्या तारा जोडायच्या चौकटीवर येऊन पोचायची. तुमची जोडी म्हणजे तुमचीच, दुसऱ्या कुणाची नाही. आता भिंतीवर ओएनटी नावाची पेटी असते. तिच्यात काचेचा धागा शिरतो, आणि मागे कॉम्प्युटरच्या पोर्टांशेजारी एक छोटं फोनचं पोर्ट असतं. आपला जुना टेलिफोन त्यात लावायचा. तुमच्या आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात, त्यांचे आकडे होतात, त्यांची वीस-वीस मिलिसेकंदांची पुडकी बांधली जातात आणि सेकंदाला पन्नास पुडकी निघतात. नमुने घेण्याचं हे काम नवं नाही. डिजिटल एक्स्चेंज आलं तेव्हापासून आम्ही तेच करत होतो. सी-डॉट या सरकारी टेलिफोन संशोधन संस्थेचं पहिलं ग्रामीण एक्स्चेंज १९८६ मध्ये आपल्या शेजारीच, बेळगावजवळ कित्तूरला लागलं. त्याच्या १२८ लाइनच्या कपाटातही आवाजाचे आकडेच व्हायचे. फरक इतकाच की ते कपाट तालुक्याच्या गावी असायचं, आता ते तुमच्या टीव्हीशेजारी आलंय.

याचा पुरावा पाहिजे तर रिसीव्हर उचला. तो "ऊंऽऽ" असा डायल टोन पूर्वी एक्स्चेंजमधून यायचा. टोन आहे म्हणजे घरापासून एक्स्चेंजपर्यंत सगळी वाट शाबूत, हे आम्ही डोळे मिटून सांगायचो. आता तो टोन पेटीच वाजवते. त्यामुळे "टोन तर आहे, पण फोन लागत नाही" अशी तक्रार घेऊन कुणी आलं की मी वर्तुळाकार डायलचा जुना काळा फोन आहे का ते आधी विचारतो. बऱ्याच पेट्यांना त्या डायलचे ठोके समजत नाहीत, बटणांचे सूरच समजतात. काळा फोन वाजेल, बोलताही येईल, पण त्यावरून नंबर लागणार नाही. आणि एकाच पोर्टावर समांतर तीन-चार जुने घंटीवाले फोन जोडाल तर घंटी कण्हत वाजेल. पूर्वी घंटीसाठी एक्स्चेंज ७५ व्होल्ट पाठवायचं. पेटीही घंटीचं व्होल्टेज तयार करते, पण तिचा जीव तेवढा नाही.

आणि विजेचं. इथं मी जरा रेंगाळणार, कारण लोक इथेच फसतात.

तांब्याच्या लाइनवरच्या फोनला घरची वीज लागत नसे, हे अर्ध्या लोकांना माहीतच नव्हतं. लागायची ती वीज आम्ही पाठवायचो. एक्स्चेंजच्या तळमजल्यावर बॅटरी रूम असायची. दोन-दोन व्होल्टचे चोवीस सेल ओळीनं मांडलेले, मिळून ४८ व्होल्ट. मोठे सेल कमरेएवढे उंच. जुन्या सेलांत पाणी घालायचं, हायड्रोमीटर बुडवून घनता वहीत मांडायची, आणि दिवसभर अंगाला ॲसिडचा वास. लाइट गेले की बॅटरी, बॅटरी उतरायच्या आत जनरेटर. भारनियमनाच्या काळात गावोगावी बारा-बारा तास वीज नसायची, पण फोनचा टोन जायचा नाही. २०१९ च्या महापुरात शहर अंधारात असताना डिझेलचे कॅन कुठून आणि कशातून आणायचे हीच आमची लढाई होती. घरी फोन लावणाऱ्याला यातलं काही दिसत नव्हतं. दिसायचं कारणही नव्हतं, लाइन आमची जबाबदारी होती.

आता ती जबाबदारी तुमची झाली आहे, आणि हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही. काचेच्या धाग्यातून उजेड जातो, वीज जात नाही. तुमच्या घरचे लाइट गेले की पेटी बंद, पेटी बंद म्हणजे लँडलाइन बंद आणि वाय-फायही बंद. गंमत म्हणजे मधल्या रस्त्यात काहीच बिघडलेलं नसतं. कंपनीच्या यंत्रापासून तुमच्या घरापर्यंत मध्ये जो स्प्लिटर असतो, एका धाग्याचे अनेक करणारा, त्याला वीज लागतच नाही. तो नुसता उजेड वाटतो. म्हणजे कंपनीकडे बॅटरी आहे आणि तुमच्या पेटीला बॅटरी आहे, एवढं जमलं तर अख्ख्या पेठेत अंधार असला तरी फोन चालतो. बऱ्याच पेट्यांचा ॲडॉप्टर १२ व्होल्टचा असतो. त्यांच्यासाठी राउटरला लावायचा छोटा यूपीएस बाजारात हजार-दीड हजारात मिळतो. ॲडॉप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर वाचून तोच घ्यायचा. घरात इन्व्हर्टर असेल तर पेटीचा प्लग त्याच्या सर्किटवर आहे का बघा. आमच्या शेजाऱ्यांकडे पंखे, टीव्ही, देवघरातला दिवा सगळं इन्व्हर्टरवर, पेटी तेवढी साध्या बोर्डावर. एका वायरमनचं पंधरा मिनिटांचं काम. ज्यांच्या घरी म्हातारी माणसं एकटी असतात त्यांनी तर यात चालढकल करू नये.

पेटीवर दिवे असतात. एलओएस नावाचा दिवा लाल झाला तर बाहेर धागा तुटला किंवा दबला, तक्रार नोंदवून शांत बसा. तो लाल नाही, इंटरनेट चालू आहे, पण फोनचा दिवा विझलाय, तर पेटी बंद करून दोन मिनिटांनी सुरू करा. बहुतेक वेळा फोनची नोंदणी पुन्हा होते. त्यानंतरही गप्पच असेल तर मग कस्टमर केअर आणि त्यांचं संगीत.

आता मोबाइलचं. कंपनीचं ॲप घ्यायचं, त्यात आपला लँडलाइन नंबर एसटीडी कोडसकट टाकायचा, कनेक्शनला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, तो दिला की झालं. जिओचं जिओजॉइन याच जातीचं, त्याचं आधीचं नाव जिओकॉल. बीएसएनएलनं जुलै २०१८ मध्ये विंग्ज नावाची सेवा जाहीर केली होती, त्यात तर भिंतीवरचा फोनच नव्हता. नुसता दहा आकडी नंबर ॲपमध्ये, सुरुवातीला वर्षाला १,०९९ रुपये. माझे काही सहकारी त्या वेळी म्हणाले, "फोन नाही, वायर नाही, मग आम्ही काय करायचं?" दीड वर्षात त्याचंही उत्तर मिळालं.

ॲप बसलं की बाहेरून येणारा कॉल घरातल्या फोनवर आणि खिशातल्या मोबाइलवर एकदम वाजतो. तुम्ही ॲपमधून लावलेल्या कॉलला समोरच्याला दिसतो घरचा नंबर. याचा उपयोग मला नंतर कळला. आमचे एक साडू अनोळखी मोबाइल नंबर उचलतच नाहीत, ०२३३ दिसला की लगेच उचलतात. म्हाताऱ्या माणसांचा एसटीडी कोडवर अजून विश्वास आहे.

पण त्यालाही अटी आहेत. काही मोबाइल बॅटरी वाचवायला मागे चाललेली ॲपं मारून टाकतात. मग घरचा फोन वाजतो, खिशातला वाजत नाही, आणि आपण म्हणतो ॲप बोगस आहे. सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपला बॅटरीचं बंधन काढून द्यायचं, सूचना दाखवायची परवानगी द्यायची. दुसरं, बोलत-बोलत घराबाहेर पडू नका. वाय-फाय सुटून मोबाइल डेटा लागतो तेव्हा फोनचा इंटरनेटवरचा पत्ताच बदलतो, आणि चालू कॉल तुटण्याची दाट शक्यता असते. गेटच्या आत बोलणं संपवा, नाहीतर वाय-फाय आधीच बंद करून डेटावर लावा. तिसरं, आवाज तुटतो म्हणून मोठा प्लॅन घेऊ नका. एका कॉलला जाता-येता १०० केबीपीएससुद्धा पुरे असतात, ३० एमबीपीएसच्या प्लॅनमध्ये ते कुठच्या कुठे जिरतात. आवाज तुटतो तो बहुतेक वेळा तुमच्या घरात. सांगलीतल्या जुन्या वाड्यांच्या दीड-दोन फुटी भिंती, आणि पेटी बसवलेली पुढच्या सोप्यात, मोबाइल धरून माणूस माजघरात. पुडकी भिंतीत अडकतात. पेटी घराच्या मध्यावर आणा.

आणि एक इशारा. लँडलाइनवर कुणी फोन करून "तुमच्या मोबाइलवर ओटीपी आलाय, तो सांगा" म्हणालं तर सरळ ठेवून द्या. तो ओटीपी दिला तर तुमच्या घरचा नंबर दुसऱ्याच्या मोबाइलवर बसू शकतो.

लँडलाइनवरून मोबाइलला लावताना आधी शून्य, हा नियम १५ जानेवारी २०२१ पासून आहे. शून्यामुळे मोबाइलसाठी २५४ कोटी ४० लाख नवे नंबर मोकळे होतात, असा तेव्हाचा हिशेब होता. आमच्या हिला या कोटींशी काही देणंघेणं नाही. तिनं फोनच्या बाजूला स्केचपेननं मोठं "०" लिहून चिकटवलंय.

लोक तीन गोष्टींची भेळ करतात, ती जरा निवडून देतो. मोबाइलमधलं वाय-फाय कॉलिंग हे निराळं. त्यात ॲप नाही, तुमचा नेहमीचा मोबाइल नंबरच टॉवरऐवजी घरच्या वाय-फायवरून जातो. एअरटेलनं डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओनं जानेवारी २०२० मध्ये ते सुरू केलं. ज्यांच्या घरात रेंजच येत नाही त्यांनी आधी हे चालू करून बघावं, फुकट आहे. त्यात वाय-फाय सोडून बाहेर पडलं तर नेटवर्क कॉल सांभाळून टॉवरवर नेऊ शकतं, ॲपसारखं तुटत नाही. व्हॉट्सॲप कॉल हे आणखी निराळं. तो व्हॉट्सॲपकडून व्हॉट्सॲपकडेच जातो, हिच्या मावशीच्या लँडलाइनवर तो कधीच वाजणार नाही. स्काइपवरून पूर्वी वाजवता यायचा, पण भारतातून भारतातल्या फोनवर लावायची सोय १० नोव्हेंबर २०१४ पासून बंद झाली, आणि मे २०२५ मध्ये स्काइपच बंद झालं. आपल्याकडे २००२ साली इंटरनेट फोनला परवानगी मिळाली ती अशीच हात आखडून दिलेली होती. कॉम्प्युटरवरून परदेशी फोनला लावा, पण इथल्या इथे नाही. आम्ही आतून बघत होतो. एसटीडीच्या उत्पन्नावर सगळा डोलारा उभा, तो कोण हौसेनं मोडून देईल? रात्री अकरानंतर पाव दर म्हणून बूथवर लागणाऱ्या रांगा ज्यांना आठवतात त्यांना हे समजेल.

मुलगी न्यू जर्सीत असते. तिच्याकडे सुरुवातीला व्होनेज या इंटरनेटवरून फोन देणाऱ्या कंपनीचा फोन होता. राउटरला एक डबी, डबीला साधा कॉर्डलेस, आणि तेच खातं मोबाइलच्या ॲपवरही. २००९ मध्ये त्यांनी महिन्याला २४.९९ डॉलरमध्ये साठाहून जास्त देशांत अमर्याद कॉलचा प्लॅन काढला, त्यात भारतातल्या लँडलाइन आणि मोबाइल दोन्ही होते. त्यानंतर आमच्या घरच्या बोलण्यांची लांबीच बदलली. आधी कार्डावरची मिनिटं संपत आली की मधली बाई बोलायची, "यू हॅव वन मिनिट", आणि तब्येतीचं विचारायचं राहून जायचं. नंतर ही वरणाला फोडणी घालायची आणि तिकडून मुलगी वास येतोय म्हणायची. स्पीकर चालू ठेवून दोघी आपापली कामं करायच्या, पाच-पाच मिनिटं कुणीच काही बोलायचं नाही. ट्रंक कॉल जोडून दिलेल्या माणसाला ते सुरुवातीला बघवत नव्हतं. चालू लाइन आणि कुणी बोलत नाही!

तिच्याकडे गेलो तेव्हा जावईबापूंना म्हटलं, बाकी काही दाखवू नका, होल्मडेलला न्या. बेल लॅब्ज या टेलिफोनच्या जुन्या नामांकित प्रयोगशाळेची ती प्रचंड काचेची इमारत तिथं आहे, आता आत दुकानं आणि ऑफिसं झाली आहेत, नाव बेल वर्क्स. आवारातली पाण्याची टाकी तीन पायांवर उभी, ट्रान्झिस्टरच्या आकाराची. गावाच्याच टेकडीवरच्या शिंगासारख्या अँटेनात १९६४ मध्ये पेन्झियास आणि विल्सन या शास्त्रज्ञांना सतत एक खरखर ऐकू येत होती, कबुतरांची घरटी काढून झाली तरी ती जाईना, आणि ती निघाली विश्वाच्या जन्माची. आम्ही लाइनवरच्या खरखरीला "जॉइंटमध्ये पाणी" एवढंच निदान करत आलो. आणि याच गावात, त्या जुन्या टेलिफोनच्या देवळाच्या सावलीत, व्होनेजनं आपलं मुख्य ऑफिस थाटलं होतं. जावई म्हणाले, "बाबा, फोटो काढू?" मी टाकीबरोबर काढून घेतला. व्होनेज २०२२ मध्ये एरिक्सननं घेतली. एरिक्सन म्हणजे आमच्यासाठी एक्स्चेंज बनवणारी कंपनी. फिरून-फिरून फोन फोनवाल्यांकडेच आला, असं मी व्हीआरएसवाल्यांच्या ग्रुपवर टाकलं, त्यावर फक्त अंगठे आले.

आमच्याकडे आता असं आहे. रविवारी सकाळी मुलीचा फोन येतो, तिच्याकडे शनिवारची रात्र. ती घरच्याच नंबरवर करते, मोबाइलवर नाही. म्हणते, "तुम्ही दोघं घरी असता ना तेव्हा." मी बहुतेक वेळा गणपती पेठेत भाजीत असतो. खिशात रिंग सुरू होते, एका हातात मेथी, दुसऱ्या हातानं चष्मा शोधून स्क्रीनवर बोट नेईपर्यंत रिंग थांबते. म्हणजे हिनं घरी रिसीव्हर उचललेला असतो. दुसऱ्याला मध्ये घेण्याची सोय आमच्या ॲपमध्ये सापडत नाही, आणि व्हॉट्सॲपवर तिघांचा कॉल लावू या म्हटलं तर ही म्हणते, "तुम्ही आधी भाजी आणा."